डावी बाही

दिवसा मी दात करतो,
शालिमारजवळच्या लॅबमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.
रात्री, त्याच हत्यारांनी,
ज्यांना चावायचं असतं अशी माणसं.

वेत्रा बत्तीस मिलिमीटरची आहे,
टाचेपासून डोळ्यांपर्यंत. वरचं शिरस्त्राण मोजत नाहीत.
तीन आठवडे गेले तिच्यावर. बुबुळांचे ठिपके
श्वास रोखून, काळजाच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत दिले.
आणि गेल्या शनिवारी, कॉलेज रोडच्या गच्चीवरच्या खोलीत,
शमिकाचा फासा एकवर थांबला.
दलदलीतल्या त्या जनावराने
तिचा डावा हात कोपराच्या वरून नेला.

खेळात हे एक वाक्य असतं.

मी म्हणालो, चांदीचा बसवू, मंतरलेला,
नियमात बसतो, शिवाय दिसतोही छान.
शमिका वहीत काहीतरी खोडत होती.
मान वर न करता म्हणाली, नको.
हात गेला. ती आहे.
तू फक्त बाही रिकामी कर.

बाही रिकामी करायची म्हणजे आधी हात कापायचा.
प्लास्टरची करवत, केसाएवढी.
रेझिनचा भुगा पडला, चिमटीतून मीठ सांडावं इतका.
सुटलेल्या मुठीत अजून कंदील होता,
त्याची ज्योत मी चार थरांत रंगवली होती.

मग एम-सील. दोन रंग मळून एक करायचे,
बोटाला पाणी लावत राहायचं,
वीस मिनिटं काय ती आपल्या हातात.
बाही खांद्यावरून सोडली, कमरपट्ट्यात खोचली,
मेणाच्या चाकूने घड्या पाडल्या.
सुरेख झाली होती. उगाच नाही म्हणत.

सोमवारी सुकदेवला दाखवली.
सुकदेव गांगुर्डे आमच्याकडे डब्यांवर नावं लिहितो,
कुणाची कवळी, कुठला दवाखाना, वरची का खालची.
त्याचा डावा हात सातपूरला राहिला, पॉवर प्रेसमध्ये,
एकोणीस वर्षं झाली.
सात वर्षं मी त्याच्या शेजारी बसून डबा खातो
आणि त्याची बाही कशी असते
हे मला रविवारी रात्री आठवेना.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ गप्प.
खोचलीस होय, म्हणाला.
खोचली की सुटते. होळकर पुलावर वारा लागला
की फडफडते, माणसं वळून बघतात.
गाठ मारायची.
एका हाताने?
दात कशाला दिलेत, म्हणाला, नि हसला,
भोवती टेबलभर कवळ्या वाळत असताना.
आणि हा खांदा, हा जरा वर घे.
वजन गेलं की आपोआप वर जातो तो.
शिंप्याला कळतं हे.
तू शिंप्याला विचारायचं होतंस.

खरवडलं सगळं.
खांदा कापून अर्धा मिलिमीटर उचलला,
आत तांबट लेनमधली तार.
गाठ ज्वारीच्या कण्याएवढी
आणि तिच्यावर दातांच्या दोन खाचा.
कुणाला दिसणार नाहीत. भिंगाशिवाय मलाही नाही.
रंग काळ्या द्राक्षाचा, आणि घड्यांच्या कडांवर
कोरड्या ब्रशने ती पांढुरकी पूड,
जी बोट लागलं की जाते.
डिसेंबरच्या गारठ्यात वॉर्निश दुधाळतं,
म्हणून रात्रभर ती टेबललॅम्पच्या उबेत,
वर काचेची वाटी पालथी.

कापलेला हात टाकला नाही. सुळ्यांच्या डबीत आहे, कंदिलासकट.
सुकदेवने डबी हलवून बघितली.
नाव नाही घातलंस, म्हणाला,
आणि स्वतःच पेन काढून तिरक्या अक्षरात लिहिलं:
वेत्रा. डावा.
खाली तारीख.

शनिवारी शमिकाने तिला पटावर ठेवलं,
नखाने गाठ चाचपली, बोलली काही नाही.
कंदील नव्हता, म्हणून अंधाराचे दोन गुण वजा.
दलदल होती तिथेच होती.
फासा अकरावर थांबला.
फार नाही. पुरला.